पडवीतला कर्ण

१९९४ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'चंद्रकांता' सुरू झाली, तेव्हा पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या वाडीत टीव्ही एकच होता, आणि तो आमच्या घरात होता. बांबूवर बांधलेला अँटेना वाऱ्याने फिरला की राजकुमारीच्या तोंडावर मुंग्या धावू लागत. मग एकाने बाहेर जाऊन बांबू फिरवायचा आणि आतल्यांनी 'आलं, आलं... गेलं!' असे ओरडायचे. वीज तर ऐन मोक्यावर जायचीच. पण वीज गेली म्हणून कोणी उठत नसे. पुढे काय झाले असेल, यावर मग खरी चर्चा रंगायची.

या चर्चेची एक गंमत होती. राजकुमार वीरेंद्र आणि राजकुमारी चंद्रकांता यांच्याविषयी कोणी फारसे बोलत नसे. त्यांचे व्हायचे ते बरेच होणार, हे ठरलेलेच. क्रूरसिंगाच्या 'यक्कू'ची नक्कल शेंबडी पोरेही करत. पण मोठ्या माणसांचा जीव अडकायचा तो ऐयारांत, म्हणजे वेष पालटून हेरगिरी करणाऱ्या त्या आडच्या माणसांत. हा खरा कोणाचा? ती कोणावर भुलली? याने बापाचे नाव का लपवले? आमची आजी तर नायकाला 'तो गोरा' म्हणायची. ऐयारांची नावे मात्र तिला तोंडपाठ होती.

ही खोड आमच्या वाडीपुरतीच होती, असे समजायचे कारण नाही. देवकीनंदन खत्री यांची मूळ हिंदी कादंबरी १८८८ सालची. तिच्यातही राजपुत्राच्या प्रेमाशेजारी त्याचा ऐयार तेजसिंह आणि राजकुमारीची सखी चपला यांचे प्रेम आहेच. पुढे 'चंद्रकांता संतति'च्या चोवीस भागांत भूतनाथ नावाचा ऐयार आला. त्याच्या पूर्वायुष्यात लपवण्याजोगे इतके निघाले की खत्रींना त्याच्यावर वेगळी कादंबरी लिहायला घ्यावी लागली. १९१३ साली ते वारले तेव्हा 'भूतनाथ' अपुरीच होती. ती त्यांचे चिरंजीव दुर्गाप्रसाद यांनी पुरी केली. एका दुय्यम पात्राची गुपिते उलगडायला बापलेकांच्या दोन पिढ्या लागल्या!

आमच्याकडे तर हे टीव्हीच्या कितीतरी आधीपासून चालत आले आहे. महाड-पोलादपूरकडे शक्ती-तुऱ्याचे सामने होतात. पायांत चाळ बांधून नाच रंगतो आणि एका बाजूचा शाहीर दुसऱ्याला पुराणातला सवाल टाकतो. हे सवाल पुष्कळदा आडवाटेचे असतात. अमक्याची आई कोण, तमका कोणाच्या शापाने जन्मला, असे. रात्र सरते, पण लोक हलत नाहीत. दुसऱ्याच्या कुळाची भानगड ऐकायला माणसाला कधी झोप येत नाही.

आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे कर्ण. पांडवांचा भाऊ, पण जगासाठी सूतपुत्र. मराठी वाचकाने अर्जुनाला मान दिला आणि माया केली ती कर्णावर. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ साली आली. तिच्यात कर्णाबरोबर त्याची पत्नी वृषाली आणि भाऊ शोण हेही आपापली कहाणी सांगतात. मागोमाग १९७३ साली रणजित देसाईंची 'राधेय' आली. १९८८ ते १९९० या काळात बी. आर. चोप्रांचे 'महाभारत' लागले, तेव्हा कर्णाचे चाक जमिनीत रुतल्यावर आमचे थोरले काका धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होते. 'कुंतीनं वेळेवर तोंड उघडलं असतं तर!' असे ते पुढे आठवडाभर म्हणत होते. तोच नट, पंकज धीर, 'चंद्रकांता'त शिवदत्त होऊन आला, तेव्हाही काका त्याला 'कर्ण'च म्हणायचे.

आता पडद्यावरून घरात येतो.

आमचे धाकटे काका मुंबईत गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. गिरणी बंद पडली, आणि गावचे पुष्कळजण हळूहळू परतले. काका परतले नाहीत. मुंबईत त्यांनी दुसरे घर केले आहे, देवळात माळ घातली आहे, मुलगाही आहे, हे वाडीतल्या कुत्र्यालाही ठाऊक होते. पण घरात कोणी उच्चार करत नसे. गावची काकू आणि तिची मुलगी आमच्यातच राहत होत्या. झाकली मूठ सव्वा लाखाची!

१९९५ साली काका मुंबईतच गेले. पुढच्याच रविवारी दुपारच्या एसटीने चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा वाडीत आला. हातात पिशवी, पिशवीत अस्थींचा कलश. वडिलांच्या अस्थी सावित्रीत सोडायच्या होत्या. चेहरा असा की, कोण कुठला हे विचारायची गरजच नव्हती. थोरल्या काकांनी त्याला पडवीत बसवले. 'उद्या सकाळी नदीवर जाऊ. रात्री इथंच पड,' म्हणाले आणि आत गेले. सकाळीच ज्या माणसांनी ऐयारांच्या नात्यागोत्यांवर तासभर हळहळ केली होती, ती सगळी गप्प होती.

तिन्हीसांजेला आजी उठली. पडवीत गेली आणि त्याला म्हणाली, 'आत ये. बापाच्या घरात कोणी पडवीत निजतं का?'

काकू चुलीपुढून उठली नाही. तिने त्याला काही विचारले नाही. भाकऱ्या मात्र दोन जास्त थापल्या. त्या दोन भाकऱ्यांची किंमत आम्हां कोणाला मोजता येणार नाही. कुंतीच्या गुपिताचे ओझे कर्णाने वाहिले. आमच्या काकांच्या गुपिताचे ओझे एका बाजूला त्या मुलाने आणि दुसऱ्या बाजूला काकूने वाहिले. मजेत राहिले ते गुपित करणारे काका, आणि ते झाकून ठेवणारे आम्ही.

गोष्टीतल्या आडच्या माणसांसाठी आपण एवढे का हळहळतो? मला वाटते, नायकाचे भविष्य ठरलेले असते आणि आपले नसते, म्हणून. आपणही कोणाच्या तरी गोष्टीत कडेलाच उभे असतो. शिवाय ही हळहळ फुकटची असते. कर्णाला थोरला भाऊ मानायला वाटणीतली जमीन द्यावी लागत नाही. गोष्ट ऐकून माणूस मवाळ होतो, असे म्हणतात. होतोही, पण तो मवाळपणा उंबऱ्यावरच अडखळतो. तो उंबऱ्याच्या आत आणण्याचे काम गोष्ट करत नाही. ते आपल्यालाच करावे लागते.

आजीने त्या मुलाला माजघरात घेतले, पण सात-बाऱ्यावर तो कधीच आला नाही. काकांच्या जागी काकू आणि तिची मुलगी यांची नावे लागली, आणि ते योग्यच होते. त्याचे नाव लावायचा विषय मात्र कोणी काढला नाही. १ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, कायद्याने अवैध ठरणाऱ्या लग्नातून झालेल्या मुलांनाही आईबापांच्या वाट्याला येणाऱ्या वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सा आहे. आजीला हे एका तिन्हीसांजेत कळले होते. आम्हां शिकलेल्यांना निकाल वाचूनही ते वळलेले नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये पंकज धीर गेले. आमच्या घराण्याच्या व्हॉट्सअॅप गटावर दिवसभर हळहळ चालली होती. कोणी रथाचे चित्र टाकले, कोणी 'असा कर्ण पुन्हा होणे नाही' असे लिहिले. संध्याकाळी माझ्या ध्यानात आले की, दर गणपतीला मुंबईहून येऊन आरतीला उभा राहणारा तो मुलगा, आता पंचेचाळिशीला टेकलेला आमचा भाऊ, या गटात नाही. त्याला कोणी काढलेले नव्हते. त्याला कोणी घेतलेच नव्हते. आणि गटाचा ॲडमिन मीच आहे.

त्या रात्री त्याचा नंबर घातला. ते सोपे होते, बोटाचे काम. सात-बाऱ्याचे अवघड आहे. पण गणपतीत सगळे जमतील, तेव्हा आरतीनंतर तो विषय मी काढणार आहे.