ग्लॉसी की मॅट?

मुलांनो, तुमच्या घरी भिंतीवर किती फोटो आहेत? जरा उठून मोजून या बरं. त्यातले काचेला चिकटलेले किती, तेही बघा.

विचारायचं कारण असं. ऐन पावसाळ्यात आमच्या वर्गातली एक मुलगी दप्तरातून फ्रेम घेऊन आली. "बाई, हा फोटो काचेवरून निघते का?" फोटोत कौलारू घर अन् दारात बैलजोडी. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. पुढे वैनगंगेचं पाणी अडलं, तेव्हा भंडारा-नागपूर जिल्ह्यांतली कितीतरी गावं उठून नव्या वसाहतींत गेली. तिच्या आजोबांचं गाव त्यातलंच. त्या घराचा एवढा एकच फोटो!

मी म्हटलं, "ओढू नकोस गं!" लॅबमध्ये धुतलेल्या फोटोवर जिलेटिनचा पातळ थर असतो, अन् चित्र त्या थरातच असतं. ओल लागली की तो मऊ होतो, काचेला चिकटून वाळतो. ओढलं तर चित्र काचेवर अन् कागद हातात! म्हणून काच पुसून, फ्लॅश बंद ठेवून, काचेवरूनच मोबाइलने फोटो घेतला आणि स्टुडिओत गेलो.

"ग्लॉसी की मॅट?" काकांनी विचारलं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. शेवटी दोन्ही कागदांवर एकेक छोटी प्रत काढून घेतली.

तिच्या घरी फ्रेमचा खिळा दारासमोरच. ग्लॉसी प्रत तिथे धरली तर घराऐवजी दारातलं ऊनच दिसायला लागलं! वर बोटांचे ठसे. मॅट कागदाचा पृष्ठभाग किंचित खरबरीत असतो, त्यामुळे उजेड विखुरतो आणि डोळ्यांवर तिरीप येत नाही. हां, ग्लॉसीवर रंग अधिक गडद उठतात, हे खरं. अल्बमसाठी तो मी आजही घेईन. भिंतीसाठी मात्र मॅटच.

पाकिटावर 'जीएसएम' लिहिलेलं असतं. म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममध्ये वजन. ए-फोर कागद चौरस मीटरचा सोळावा भाग. मग २४० जीएसएमचा एक ए-फोर कागद किती ग्रॅमचा? करा भागाकार! झेरॉक्सचा ८० जीएसएमचा कागद जेमतेम पाच ग्रॅम भरतो, फ्रेममध्ये तो लगेच लहरी धरतो.

पण कागद कितीही चांगला असो, काचेला टेकवू नका. मध्ये पुठ्ठ्याची चौकट घाला. खिळाही आम्ही बाजूच्या भिंतीवर नेला, कारण उन्हाने रंग उडतात. ओलीच्या भिंतीवर तर फोटो नकोच.

जुनी फ्रेम तशीच कापडात गुंडाळून ठेवली. नव्या फ्रेममागच्या पुठ्ठ्यावर तिने पेन्सिलीने गावाचं नाव लिहिलं. आजोबांनी ते वाचलं, पेन्सिल मागून घेतली आणि खाली दोन्ही बैलांची नावं लिहिली.