विश्लेषण : बँड बदलणारा वादक 'टिकत नाही' असे का म्हणायचे?

एप्रिलमध्ये भीमगीतांचा मंच, मेमध्ये लग्नाचा ऑर्केस्ट्रा, भाद्रपदात गणेश मंडळाचा कार्यक्रम, नवरात्रात जगराता. अमरावती-अकोल्यात कीबोर्ड, ऑक्टोपॅड किंवा गिटार वाजवणाऱ्याचे वर्ष साधारण असे जाते. प्रत्येक ठिकाणी संच वेगळा, गायक वेगळा. घरी मात्र प्रश्न एकच : 'एका जागी टिकत काऊन नाही रे तू?'

या प्रश्नाचे उत्तर शोधताना उदय बेनेगल यांची वाटचाल पाहण्यासारखी आहे.

एक गायक, किती बँड?

१९८४ मध्ये मुंबईत 'रॉक मशीन' हा बँड उभा राहिला. गिटारवर महेश तिनईकर होते. गायक म्हणून बेनेगल आले. त्या काळी परदेशी बँडची गाणी हुबेहूब वाजवली की टाळ्या मिळत. यांनी स्वतःची गाणी लिहायला घेतली. १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनेगेड' आणि १९९० मध्ये 'द सेकंड कमिंग' हे अल्बम आले. मग १९९३ मध्ये त्यांनी जमलेले नावच बदलले आणि 'इंडस क्रीड' झाले. आपल्याकडे चालत्या दुकानाची पाटी कोणी बदलत नाही, म्हणून हे धाडस मोठे. त्याच वर्षी 'प्रिटी चाइल्ड'च्या व्हिडिओला एमटीव्ही एशियाचा प्रेक्षकपसंती पुरस्कार मिळाला.

तरीही १९९७ मध्ये बँड थांबला. पुरस्कार होता, पण इंग्रजी रॉकला बाजार नव्हता. कंपन्यांचा पैसा हिंदी पॉप आणि सिनेमाकडे वळला होता. बेनेगल न्यूयॉर्कला गेले. जयेश गांधी यांच्यासोबत त्यांनी 'आम्स फॉर शांती' सुरू केला आणि रॉकला भारतीय सुरांची जोड दिली. २०१० मध्ये 'इंडस क्रीड' पुन्हा उभा राहिला, तोही जुन्या-नव्या वादकांना घेऊन. २०१२ चा 'इव्हॉल्व्ह' हा अल्बम जुन्या आठवणींवर पोट भरणारा नव्हता.

परदेशात काय होते?

मँचेस्टरचा गिटारवादक जॉनी मार याने १९८७ मध्ये ऐन भरात 'द स्मिथ्स' सोडला. पुढे तो 'द द', 'इलेक्ट्रॉनिक', अमेरिकेतला 'मॉडेस्ट माउस' आणि नंतर 'द क्रिब्ज' यांत वाजवत राहिला. तिकडे याला अनुभव म्हणतात. अर्थात तिकडे रेकॉर्डच्या रॉयल्टीचा आधार असतो. आपल्या ऑक्टोपॅडवाल्याला त्या रात्रीची बिदागी मिळते, तीही कधी कधी पहाटेपर्यंत थांबून.

मग वऱ्हाडात अडते कुठे?

गुण कमी नाहीत. विद्यापीठाच्या युवक महोत्सवात पाश्चात्त्य समूहगान आणि वाद्यवादनाच्या स्पर्धा होतात. त्यासाठी महिनाभर पोरे जीव तोडून तालीम करतात. महोत्सव संपतो, संच विखुरतो. ज्याला नोकरी लागते तो पुण्याला, उरलेला लग्नाच्या ऑर्केस्ट्रात. 'इंडस क्रीड'ला १३ वर्षांनी परत जमता आले, कारण जमण्यासारखे काही आधी तयार झाले होते : स्वतःची गाणी. आपल्याकडचा वादक तीन संचांत वाजवतो, पण तिन्हीकडे दुसऱ्यांचीच. खरी उणीव ही आहे, संच बदलण्याची नव्हे.

यात दोष वादकाचा कमी. स्वतःचे गाणे बसवायला चार जणांना आठवड्यातून दोन संध्याकाळ एक खोली लागते, जिथे ड्रम वाजला तर शेजारी पोलिसांना फोन करणार नाहीत. अमरावतीचे संत ज्ञानेश्वर सांस्कृतिक भवन असो की अकोल्याचे प्रमिलाताई ओक सभागृह, कार्यक्रम नसलेल्या संध्याकाळी तिथली एखादी खोली माफक भाड्यात तालमीला द्यायला काय हरकत आहे? महाविद्यालयांनीही महोत्सवानंतर कपाटात बंद होणारा ड्रमसेट माजी विद्यार्थ्यांसाठी उघडावा. किल्ली कोणाकडे राहील, एवढेच ठरवायचे आहे.