देवीला लस लागत नाही

१० मार्च १८९७. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या. तेव्हा प्लेग बरा करणारं औषध नव्हतं.

मार्च २०२०. राज्यातले पहिले कोरोनारुग्ण पुण्याच्या नायडू रुग्णालयात दाखल झाले. सिस्टर लोकांसाठी आपण बाल्कनीत थाळ्या वाजवल्या.

पण साथ नसतानाही वॉर्डात एक भीती रोज असते: वापरलेली सुई. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली, तर लागण होण्याचा धोका साधारण ३०० त एक. हिपॅटायटिस बी असेल आणि नर्सने लस घेतलेली नसेल, तर १०० त ३० पर्यंत. म्हणजे ज्यावर लस आहे, तोच धोका मोठा! ही लस कर्मचाऱ्यांना देणं रुग्णालयाचं काम आहे, असं जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियमच सांगतात.

तरी सुई टोचली की पहिला प्रश्न काय? ‘सिस्टर, लक्ष कुठं होतं?’ रात्रपाळीला एकटीने भरलेला वॉर्ड सांभाळणाऱ्या बाईला हे विचारायचं! मग बोलणी नकोत म्हणून ती गप्प बसते. आणि एचआयव्ही रोखणारी औषधं तर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात.

काळजी घ्या, हे नर्सला सांगून झालं. आता रुग्णालयाला विचारा: लस दिली? सुई टाकायचा डबा हाताशी आहे? टोचल्याची नोंद न ओरडता होते?

सिस्टरला देवी म्हणणं सोयीचं आहे. देवीला लस लागत नाही. कामगाराला लागते.