‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ

आपल्या गांवच्या ग्रंथालयाच्या दारावरील पाटी वाचकांनीं अनेकदां पाहिली असेल. तिच्यावर बहुधा तीन शब्द असतात : गांवाचें नांव, ‘सार्वजनिक’ आणि ‘वाचनालय’. यांपैकीं पहिल्या व तिसऱ्या शब्दाविषयीं कोणाची तक्रार असण्याचें कारण नाहीं. गांव आहे, आणि आंत पुस्तकेंही आहेत. मधल्या शब्दाविषयीं मात्र मला थोडें बोलावयाचें आहे. कारण तो शब्द आपण पाटीवर रंगविला, आणि पाटी टांगून झाल्यावर त्याच्या अर्थाकडे पुन्हां फारसें पाहिलें नाहीं, असें माझें प्रामाणिक मत झालें आहे.

जें अभिमानास्पद आहे तें प्रथम सांगितलें पाहिजे. रत्नागिरीचें नगर वाचनालय इ. स. १८२८ मध्यें, अहमदनगरचें जिल्हा वाचनालय १८३८ मध्यें, नाशिकचें सार्वजनिक वाचनालय १८४० मध्यें व पुण्याचें नगर वाचन मंदिर १८४८ मध्यें स्थापन झालें. मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी १८५३ सालीं गेली व मुंबईचें विद्यापीठ १८५७ सालीं निघालें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे आपलीं वाचनालयें किती जुनीं आहेत तें कळून येईल. कोल्हापूर संस्थानानें १९४५ सालींच ग्रंथालयांचा कायदा केला. महाराष्ट्र राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालीं झाला. आणि आज राज्यांत शासनमान्य ग्रंथालयांची संख्या हजारांनीं मोजावी लागते. तेव्हां ग्रंथालयें नाहींत हें आपलें दुःख नव्हे. आहेत त्यांत शिरतो कोण, हा प्रश्न आहे.

कोणीही एक दिवस वाचनालयाच्या दाराशीं उभें राहून पाहावें. सकाळीं निवृत्त गृहस्थ येतात व वर्तमानपत्रें वाचून घरीं जातात. दुपारीं शुकशुकाट असतो. सायंकाळीं स्पर्धापरीक्षेचे उमेदवार येतात. तेही बहुधा आपलींच पुस्तकें घेऊन येतात, कारण त्यांना हवें असतें तें टेबल, दिवा आणि शांतता. या दोन्ही वर्गांविषयीं मला आदरच आहे. परंतु भाजी विकणारी बाई, तिचें सहा वर्षांचें पोर, दृष्टि अधू झालेली आजी, गवंड्याच्या हाताखालीं काम करणारा तरुण, हीं माणसें तेथें कां दिसत नाहींत ? ‘सर्व जन’ या दोन शब्दांत त्यांचा समावेश होत नाहीं काय ?

येथें स्वतःची एक आठवण सांगितल्यास ती अप्रस्तुत वाटणार नाहीं, अशी आशा आहे. मी दहा वर्षांचा असतांना आमच्या तालुक्याच्या गांवीं एक वाचनालय होतें. मिशनच्या आवारांतील सुताराचा मी मुलगा. वाचनालयाच्या खिडकींतून ‘चांदोबा’चे अंक ओळीनें मांडलेले दिसत. एके दिवशीं धीर करून आंत गेलों. तेथील लेखनिकानें अगदीं सौजन्यानें विचारलें, “अनामत भरली आहे का, बाळ ? वडिलांना घेऊन ये.” वडिलांना घेऊन जाण्याचा प्रश्नच नव्हता, त्या महिन्यांत घरीं अनामत ठेवण्यासारखें कांहीं नव्हतें, आणि हें मला त्या वयांतही ठाऊक होतें. त्या गृहस्थांचा यांत कांहींएक दोष नाहीं. नियम होता, आणि तो त्यांनीं सौम्यपणें सांगितला. पण त्यानंतर सात वर्षें मी त्या पायऱ्या चढलों नाहीं. मला कोणीं हांकलून दिलें नव्हतें; तरी ती जागा आपली नव्हे, एवढें मीं मनाशीं ठरवून टाकलें होतें. दाराबाहेर राहिलेल्या बहुतेक माणसांची कथा अशीच असते. त्यांना कोणी अडवीत नाहीं. त्यांना कोणी बोलावीत नाहीं, इतकेंच.

म्हणूनच माझें म्हणणें असें आहे कीं, प्रत्येक सार्वजनिक ग्रंथालयानें लहानांपासून वृद्धांपर्यंत सर्वांसाठीं कांहीं कार्यक्रम नेमानें व पूर्णपणें मोफत चालविले पाहिजेत. मुलांसाठीं गोष्टींचा तास, दृष्टि अधू झालेल्यांसाठीं वर्तमानपत्राचें वाचन, प्रौढांसाठीं अक्षरओळख, शासकीय अर्ज भरण्यास साहाय्य, बुद्धिबळाचा पट, महिन्यांतून एखादें व्याख्यान, अशीं हीं साधीं कामें आहेत. ग्रंथदेवघेवीच्या मुख्य कामाला लावलेलें हें शोभेचें तोरण नव्हे. ज्याला पुस्तकाची संवय नाहीं, त्याला पुस्तकापर्यंत आणणारी वाट हीच आहे.

ही कल्पना नवी नाहीं, व परकीही नाहीं. बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज यांनीं १९०६ सालीं आपल्या संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें. परंतु शाळा सुटल्यावर वाचावयास कांहीं नसेल तर शिकलेलीं अक्षरें माणूस विसरून जातो, हें त्यांनीं ओळखलें होतें. म्हणून १९१० सालीं त्यांनीं विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केलें व संस्थानभर मोफत ग्रंथालयांची योजना उभारली. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयांत स्त्रियांचा व मुलांचा विभाग स्वतंत्र होता. खेडोपाडीं पुस्तकांच्या लांकडी पेट्या फिरत. आणि ज्यांना वाचतांच येत नव्हतें त्यांच्यासाठीं याच खात्याचे लोक जादूचा कंदील व चलच्चित्रें घेऊन गांवोगांव जात. ग्रंथालयानें निरक्षरासही आपला वाचक मानलें, ही त्या योजनेंतील सर्वांत मोठी गोष्ट मला वाटते.

पुढें मद्रासेस डॉ. रंगनाथन यांनीं याच विचारास शास्त्राचें रूप दिलें. ते मूळचे गणिताचे शिक्षक. १९२४ सालीं मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं ग्रंथालयशास्त्राचे पांच नियम मांडले. पुस्तकें जपून ठेवण्यासाठीं नसून वापरण्यासाठीं आहेत, हा त्यांतील पहिल्याचा आशय. प्रत्येक वाचकास त्याचें पुस्तक मिळालें पाहिजे व प्रत्येक पुस्तकासही त्याचा वाचक लाभला पाहिजे, असें पुढील दोन नियम सांगतात. हा तिसरा नियम विशेष विचार करण्याजोगा आहे. कपाटांत वर्षानुवर्षें न उघडलेलें पुस्तक दिसलें, तर ग्रंथालयानें त्याचा वाचक शोधावयास बाहेर पडावें, असाच त्याचा अर्थ होतो. स्वातंत्र्यानंतर १९५१ सालीं युनेस्कोच्या साहाय्यानें दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय उघडलें, तेव्हां तेथें वर्गणीशिवाय पुस्तकें तर दिलींच, शिवाय मुलांचा विभाग काढला, आणि प्रौढांसाठीं व्याख्यानें, चर्चा व नाटकें यांची सोय केली. तात्पर्य, वाट मळलेली आहे. आपण तीवरून चाललों नाहीं, एवढेंच.

यावर आक्षेप येतात, व ते विचारपूर्वक घेतलेले असल्यामुळें त्यांना उत्तर दिलें पाहिजे. पहिला आक्षेप असा कीं, फुकट मिळालेल्या वस्तूची लोकांना किंमत राहत नाहीं. मीही कांहीं काळ या मताचा होतों. गेलीं दोन वर्षें आमच्या नववीच्या विद्यार्थ्यांसह मी दर शनिवारीं एका वाचनालयांत मुलांसाठीं गोष्टींचा तास चालवितों. पहिल्या शनिवारीं तीन मुलें आलीं, आणि त्यांतलीं दोन तेथील पहारेकऱ्याचीं होतीं. दोन महिन्यांत खोली भरूं लागली. तेव्हां व्यवस्थापक मंडळींनीं सुचविलें कीं, प्रत्येक मुलाकडून पांच रुपये घ्यावे, म्हणजे शिस्त राहील व चटयांचा खर्चही निघेल. सूचना गैर वाटली नाहीं, म्हणून मींही होकार दिला. पुढील शनिवारीं निम्मीं मुलेंही आलीं नाहींत. जीं आलीं त्यांच्या घरीं पुस्तकें होतीं. जीं आलीं नाहींत त्यांच्या घरीं एकही नव्हतें. पांच रुपयांनीं शिस्त लागली नाहीं. ज्यांच्यासाठीं तास काढला होता, नेमकीं तींच मुलें गळालीं. तिसऱ्या आठवड्यांत आम्हीं पैसे घेणें बंद केलें. तरीसुद्धां कांहीं मुलें परत आलीं नाहींत, व त्याची टोचणी माझ्या मनास आहे.

दुसरा आक्षेप शांततेचा. ग्रंथालयांत गोष्टी, खेळ व गर्दी आली म्हणजे वाचणारांनीं कोठें जावें ? हा आक्षेप खरा आहे, पण तो वेळ ठरवून सुटण्यासारखा आहे. दुपारीं एक ते चार बहुतेक वाचनालयें ओस असतात किंवा बंद असतात. त्याच वेळांत कार्यक्रम ठेवावे. देवघराची शांतता निराळी व ओसाड वाड्याची शांतता निराळी. आपल्या कित्येक वाचनालयांतून नांदते ती दुसऱ्या प्रकारची आहे.

तिसरा आक्षेप पैशाचा. आपल्या राज्यांतील बहुसंख्य ग्रंथालयें स्थानिक संस्था चालवितात. शासनाचें अनुदान वर्गवारीनें मिळतें. तेथील सेवकांचें वेतन तुटपुंजें असतें. मद्रासच्या १९४८ च्या कायद्यानें घरपट्टीवर ग्रंथालयासाठीं उपकर बसविला. आपल्या कायद्यांत तशी तरतूद नाहीं. ती असावी असें माझें मत आहे. परंतु ती होईपर्यंत हात जोडून बसण्याचें कारण नाहीं. घरीं पुस्तक नेण्याची वर्गणी व अनामत चालू ठेवावयाची असेल तर ठेवावी. पण आंत येणें, बसणें, ऐकणें व विचारणें यांस कांहींही मोल असूं नये. गोष्ट सांगण्यास चटई लागते व सांगणारा लागतो. चटई गांवांत मिळते. आणि सांगणारे प्रत्येक शाळेंत आहेत.

चौथा आक्षेप अलीकडचा : आतां सर्व कांहीं मोबाईलवर मिळतें, मग ग्रंथालय हवें कशाला ? २०२० सालीं महामारीमुळें शाळा बंद पडल्या, तेव्हां या प्रश्नाचें उत्तर आम्हां शिक्षकांना मिळालें. ज्या घरांत तीन मुलें व एकच मोबाईल होता, आणि तोही वडिलांबरोबर कामावर जात असे, त्या घरांतील मुलांना ‘सर्व कांहीं’ मिळालें नाहीं. आणि ज्यांना मिळालें, त्यांनाही शेजारीं बसून ऐकणारें माणूस त्या यंत्रांत सांपडलें नाहीं.

शेवटीं आमच्या त्या तासांतीलच एक प्रसंग सांगतों. एक आजी नातवाला पोंचवावयास येई व दाराबाहेर चपलांजवळ बसून राही. तिला आंत येण्याचा आग्रह केला तर म्हणे, “मला अडाण्याला काय कळतंय, गुरुजी ?” एकदां पावसामुळें तिला आंत यावेंच लागलें. त्या दिवशीं गोष्ट सांगणारी विद्यार्थिनी आली नव्हती. मुलें कंटाळलीं, तेव्हां आजीनें जात्यावरच्या चार ओव्या म्हटल्या. मग दर शनिवारीं ती म्हणूं लागली, व नववीच्या मुली तें वहींत उतरून घेऊं लागल्या. वही भरली तेव्हां ग्रंथपालांनीं तिला पुठ्ठा घातला, दाखल-क्रमांक दिला, व ती कपाटांत ठेविली. आजीला आपलें नांव त्या वहीवर कोठें लिहिलें आहे, हें बोटानें दाखवावें लागलें. तें तिनें बराच वेळ पाहिलें, आणि नंतर मला विचारलें, “एवढंच लिहायला शिकायला किती दिवस लागतील ?” ती आतां आंत बसते.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांपैकीं पुष्कळांच्या घरीं पुस्तकें आहेत, व वाचनालयाच्या पायऱ्या चढतांना तुम्हांस भीति वाटत नाहीं. हें तुमचें भाग्य आहे. तुमच्या गल्लींत असा एखादा मुलगा असेल, कीं जो खिडकींतून आंत पाहून परत जातो. त्याला उपदेश करूं नका. येत्या शनिवारीं दुपारीं त्याला बरोबर घेऊन या, व तुम्ही त्याच्या शेजारीं बसा. पाटीवरील मधल्या शब्दाचा अर्थ त्याला तेवढ्यानें समजेल, आणि आपल्यालाही.