क्षेत्रसभा भरवा, तरुण येतील

मीरा-भाईंदर महानगरपालिकेची २०१७ नंतरची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. २०१७ मध्ये जो तरुण सतरा वर्षांचा होता, त्याला पालिकेसाठी पहिले मत देण्यास पंचविशी गाठावी लागली! अशा तरुणांनाच उदासीन म्हणून दूषणे देणे अन्यायाचे आहे. राज्याने २००९ मध्ये कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. त्या क्षेत्रातील प्रत्येक मतदार, म्हणजे अठरा वर्षांचा तरुणही, तिचा सदस्य असतो. पाणी, कचरा, दिवाबत्ती यांतील उणिवा आणि कामांचा अग्रक्रम तेथे सुचविता येतो. स्वच्छता मोहिमेत तरुणांचे हात हवेत, नियोजनात मात्र त्यांचे मत नको, हे चालणार नाही. नव्या नगरसेवकांनी क्षेत्रसभा नियमित बोलवाव्यात. तरुणांनीही निमंत्रणाची वाट न पाहता त्यांची मागणी लावून धरावी.