पैसा जनतेचा, मग कुंपण कशासाठी?

गिरणगावातील कामगारांच्या राजकारणावरचा राजनारायण चंदावरकर यांचा निबंध १९८१ मध्ये केंब्रिजच्या ‘मॉडर्न एशियन स्टडीज’मध्ये छापून आला. तो लालबागच्या चाळीतल्या कुणी वाचायचा म्हटला, तर पडद्यावर आधी संस्था निवडण्याची यादी उघडते. गिरणी कामगाराच्या नातवाने त्यात कोणती संस्था निवडायची? सरकारी संस्थांना अशी शोधनियतकालिके एकत्रित वर्गणीतून वाचता यावीत म्हणून केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक सरकारी संस्थांतले जवळपास १.८ कोटी विद्यार्थी-संशोधक, असा तिचा पसारा आहे. लहान गावच्या सरकारी महाविद्यालयालाही त्यामुळे मोठ्या विद्यापीठाइतकेच वाचायला मिळते, हे मान्यच. पण खासगी महाविद्यालयातला विद्यार्थी, निवृत्त प्राध्यापक, कामगारांचे खटले लढवणारा वकील हे सगळे बाहेरच. छापील अंक ग्रंथालयाच्या मालकीचा असे. ग्रंथपाल तो कुणालाही टेबलावर काढून देई. डेटाबेस विकत मिळत नाही, वापरायचा परवाना मिळतो, आणि वाचक कोण हे तो परवानाच ठरवतो.

सर्वांना मोकळीक दिली तर प्रकाशक दर वाढवतील आणि एकेक जण हजारो लेख उतरवून घेईल, अशी भीती घातली जाते. तिच्यात तथ्य नाही असे नाही. मात्र ग्रंथालयात प्रत्यक्ष येऊन बसणाऱ्या बाहेरच्या वाचकाला तिथल्या संगणकावर वाचू देण्याचे कलम जगभरच्या अशा करारांत सर्रास असते, आणि त्या संगणकावर डाउनलोडची मर्यादा घालणे मुळीच अवघड नाही. इंग्रजीतले जड शोधनिबंध लालबागमध्ये वाचणार कोण, हा दुसरा आक्षेप तर निव्वळ उद्दामपणाचा आहे. वाचकच नसतील तर प्रकाशकांचे नुकसान तरी कसले? उलट सरळ वाट बंद असली की लोक चोरवाट धरतात. शोधनिबंध परवान्याविना फुकट देणाऱ्या साय-हब या संकेतस्थळाविरुद्ध बड्या प्रकाशकांना २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले, ते या चोरवाटेवरच्या गर्दीमुळेच. योजनेची तरतूद २०२७ पर्यंतची आहे. पुढच्या वाटाघाटींना बसताना सरकारने सार्वजनिक ग्रंथालयांसाठी हे कलम मागून घ्यावे, आणि दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या संस्थेत असा एक तरी संगणक बसवण्याचा खर्च राज्याने उचलावा.