शोध पेनचा, पण काम शाईचं!

‘फाउंटन पेनचा शोध कोणी लावला?’ सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत हा प्रश्न हमखास सापडतो. पुढे एका शब्दाचं उत्तर : वॉटरमन. मुलं पाठ करतात, आपण बरोबरची खूण करतो, संपलं. शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, माझं स्पष्ट मत आहे की हा प्रश्न असा विचारणं आता थांबवायला हवं. उत्तर अपुरं आहे हे एक कारण झालं. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. शोध म्हणजे एका माणसाला एका दिवशी सुचलेली युक्ती, अशी समजूत त्यातून मुलांच्या मनात पक्की होते.

या उत्तराला जोडून एक गोष्टही सांगितली जाते. लुईस वॉटरमन हा अमेरिकेतला विमा एजंट होता. करारावर सही घेताना पेनमधून शाई सांडली, दुसरा कागद आणेपर्यंत गिऱ्हाईक हातचं गेलं, आणि मग त्याने चांगलं पेन बनवायचं ठरवलं. गोष्ट रंगतदार आहे, पण अभ्यासकांना तिला त्या काळातला पुरावा मिळालेला नाही. शिवाय पेट्राके पोएनारू या रोमानियन विद्यार्थ्याने 1827 मध्येच पॅरिसमध्ये शाई साठवणाऱ्या पेनचं पेटंट घेतलं होतं. वॉटरमनचं पेटंट 1884 चं. शाई जितकी खाली उतरते तितकी हवा वर शिरली पाहिजे, हे साधणारी बारीक खाच त्याने निबेखालच्या जिभेत ठेवली. हे काम मोठंच आहे. पण त्या खाचेतून वाहायचं होतं शाईला! तिचं काय?

जुन्या शाईचा मुख्य घटक आपल्या ओळखीचा आहे. दिव्याची काजळी, डिंक आणि पाणी. बोरूने लिहिण्यासाठी ही शाई उत्तम. मात्र काजळीचे कण पाण्यात विरघळत नाहीत, नुसते तरंगत राहतात. पेनच्या अरुंद वाटेत ही शाई वाळली की वाट बंद.

युरोपात अनेक शतकं चालली ती मायफळाची शाई. मायफळ म्हणजे ओक झाडावर कीटकांमुळे येणारी गाठ. त्यातल्या टॅनिनचा हिराकसातल्या लोहाशी संयोग होतो आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे अक्षर हळूहळू काळं होत जातं. लिहिताना ते फिकट दिसे, म्हणून पुढे त्यात निळा रंग घालू लागले. इंग्लंडमधले डॉ. हेन्री स्टीफन्स 1830 च्या दशकात अशीच निळसर काळी शाई विकत होते. आधी निळी, मग काळी, म्हणून ‘ब्लू-ब्लॅक’. बाटलीवरच्या या दोन शब्दांत रसायनशास्त्राचा अख्खा धडा आहे, बघा! पण या शाईत आम्ल असे. पोलादी निब गंजायची. महागड्या पेनांना सोन्याची निब का, याचं एक कारण हेच. सोन्यावर त्या आम्लाचा परिणाम होत नाही.

मग 1856 उजाडलं. लंडनमधला अठरा वर्षांचा विल्यम पर्किन मलेरियावरचं क्विनाइन कृत्रिमरीत्या बनवायला गेला आणि हाती लागला जांभळा रंग. त्यातून कृत्रिम रंगांचा उद्योग उभा राहिला. पाण्यात पूर्ण विरघळणारे हे रंग फाउंटन पेनच्या शाईला फार उपयोगी पडले. क्विनाइन शोधणाऱ्या या पोराला आपल्या कामाचा पुढे शाईलाही उपयोग होईल, अशी कल्पना तरी असेल का? हे मुलांना सांगायला नको का?

पुढे 1931 मध्ये पार्कर कंपनीने लवकर वाळणारी ‘क्विंक’ आणली. त्याच वर्षी मुंबईत दांडेकर बंधूंनी ‘हॉर्स ब्रँड’ नावाने शाईची पूड आणि वड्या विकायला सुरुवात केली. वडी पाण्यात विरघळवायची, की दौतीत शाई तयार. त्यानंतर त्यांनी फाउंटन पेनसाठी ‘कॅमल’ शाई काढली आणि त्यातूनच ‘कॅमलिन’ हे नाव घडलं. मुलांच्या दप्तरातल्या कंपासपेटीवरचं हे नाव मुळात शाईचं आहे, हे किती मुलांना ठाऊक असतं?

आता कोणी म्हणेल, ‘सर, अभ्यासक्रम संपत नाही, त्यात हे कुठे बसवायचं?’ अडचण खरी आहे. पण यासाठी वेगळा धडा लागत नाही, एक तासिका पुरते. बिनदुधाचा, बिनसाखरेचा कडक चहा घ्या. त्यात शिक्षकांनीच चिमूटभर हिराकस टाकावं. चहातल्या टॅनिनमुळे पाणी काळपट होतं, त्यात काडी बुडवून मुलं लिहू शकतात. (हिराकस पोटात गेलं तर घातक असतं, त्यामुळे ते मुलांच्या हाती देऊ नये. त्या चहावर लक्ष ठेवावं आणि शेवटी सर्वांनी हात धुवावेत.) दुसरा प्रयोग आणखी सोपा. पांढऱ्या खडूच्या तळापासून थोडं वर काळ्या शाईचा ठिपका द्या आणि खडू अगदी थोड्या पाण्यात उभा करा. ठिपका पाण्याच्या वर राहिला पाहिजे. पाणी चढेल तसे अनेक शायांमधले वेगवेगळे रंग सुटे होताना दिसतात. क्रोमॅटोग्राफी हा शब्द त्यानंतर सांगितला तर मुलं तो विसरणार नाहीत.

कपड्यांवर डाग पडतील ही पालकांची तक्रारही रास्त आहे. त्या दिवशी जुना शर्ट घालून पाठवा, एवढंच सांगेन.

आणि परीक्षेत प्रश्न विचारायचाच असेल, तर असा विचारू या : ‘काजळीची शाई फाउंटन पेनमध्ये का चालत नाही?’ याचं उत्तर पाठ करून येत नाही, विचार करावा लागतो. विज्ञान शिकवतो म्हणजे आपण दुसरं काय शिकवतो?